कवडीमोल

'कवडीमोल' हा अत्यल्प, जवळजवळ नगण्य किंमत दर्शवणारा मराठी शब्दप्रयोग आहे. तो विशेषण म्हणून ('कवडीमोल भाव') आणि क्रियाविशेषण म्हणून ('जमीन कवडीमोल विकली') अशा दोन्ही प्रकारे योजला जातो. पूर्वी चलन म्हणून वापरल्या जाणाऱ्या कवडीवरून तो रूढ झाला. व्यवहारातून कवडी नाहीशी झाली असली, तरी शेतमालाच्या भावासंबंधीच्या बातम्यांत व बोलण्यात हा शब्द आजही नित्य आढळतो.

व्युत्पत्ती

संस्कृतमध्ये कवडीला 'कपर्द', 'कपर्दिका' व 'वराटक' असे शब्द आहेत. 'कपर्द'पासून प्राकृतात 'कवड्ड' आणि त्यापासून मराठीत 'कवडा', 'कवडी' ही रूपे झाली. 'मोल' हा शब्द संस्कृत 'मूल्य'पासून आला आहे. 'जिचे मोल एका कवडीइतके आहे अशी वस्तू' असा या समासाचा विग्रह होतो.

चलन म्हणून कवडी

कवडी हे एका सागरी गोगलगायीचे कवच होय. चलनात वापरली जाणारी लहान, पिवळसर पांढरी कवडी प्रामुख्याने मालदीव बेटांवरून येत असे. चौदाव्या शतकात तेथे राहिलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने कवड्यांच्या या व्यापाराची नोंद केली आहे. कवडी टिकाऊ व मोजण्यास सोपी असून तिची नक्कल करणे अवघड होते. त्यामुळे किरकोळ खरेदीसाठी ती सोयीची ठरली.

बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात नाण्यांचे कोष्टक कवडीपासूनच सुरू होते. त्यानुसार २० वराटकांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण आणि १६ पणांचा १ द्रम्म होतो. म्हणजेच एका द्रम्मास १,२८० कवड्या पडत. कवडी हा या कोष्टकातील सर्वांत खालचा घटक असल्याने 'याहून कमी किंमत असूच शकत नाही' हा अर्थ तिला सहज चिकटला.

बंगाल व ओडिशात कवडी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालत होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिल्हेट येथे सरकारी महसूलही कवड्यांत भरला जाई. तेथे एका रुपयास ५,१२० कवड्या असा हिशेब होता.

अर्थच्छटा

'कवडीमोल' आणि 'टाकाऊ' हे समानार्थी शब्द नव्हेत. 'टाकाऊ' हा शब्द वस्तूचा दोष सांगतो, तर 'कवडीमोल' तिला मिळणाऱ्या किमतीबद्दल बोलतो. वस्तू मौल्यवान असूनही तिला योग्य दाम मिळाला नाही, ही तक्रार या शब्दात बहुतेक वेळा गृहीत असते. म्हणूनच 'वडिलोपार्जित जमीन कवडीमोल गेली' असे म्हणणारा जमिनीला नव्हे, तर झालेल्या व्यवहाराला दोष देत असतो.

शेतमालाच्या संदर्भातील वापर

या अर्थाचे ठळक उदाहरण टोमॅटोच्या बाजारात दिसते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात पुणे–नाशिक महामार्गावर असलेले नारायणगाव हे टोमॅटोच्या घाऊक खरेदी-विक्रीचे मोठे केंद्र आहे. येथे सुमारे २० किलोच्या क्रेटवर भाव ठरतो. जुलै २०२३ मध्ये हा भाव क्रेटमागे २,००० रुपयांच्या वर गेला होता. याउलट ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात टोमॅटोचे दर किलोमागे २ ते ३ रुपयांपर्यंत कोसळले आणि नाशिक व औरंगाबाद भागातील शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. त्या दराने क्रेटचे जेमतेम ४० ते ६० रुपये होतात.

दोन्ही वेळी फळ तेच आणि त्याचा उपयोगही तोच होता. रोपे, खते, औषधे, तार-काठी व मजुरी यांवरील खर्च भाव कळण्याआधीच झालेला असतो. टोमॅटो नाशवंत असल्याने भाव वाढेपर्यंत माल राखून ठेवता येत नाही. आवक वाढली की तोडणी, क्रेट, वाहतूक व हमालीचा खर्चही निघत नाही. अशा स्थितीचे वर्णन 'कवडीमोल भाव' या दोन शब्दांत केले जाते.

संबंधित वाक्प्रचार

'फुटकी कवडीही नसणे' म्हणजे जवळ काहीच पैसे नसणे. फुटलेली कवडी चलनात घेतली जात नसे, म्हणून ती कवडीहूनही हलकी. 'कवडीची किंमत न देणे' म्हणजे एखाद्याला मुळीच न जुमानणे. 'कवडीचुंबक' म्हणजे अत्यंत कंजूष मनुष्य.

बाजारात क्षुद्र ठरलेल्या कवडीला धार्मिक जीवनात मात्र मानाचे स्थान आहे. तुळजाभवानी व यल्लमा या देवींचे उपासक गळ्यात कवड्यांची माळ घालतात.

इतर भाषांतील समांतर प्रयोग

हिंदीत 'कौड़ी के मोल' हा याच अर्थाचा वाक्प्रचार आहे. इंग्रजीत 'फार्दिंगच्याही किमतीचे नाही' असे म्हणतात. फार्दिंग हे पेनीच्या एक चतुर्थांश किमतीचे नाणे १९६० अखेर चलनातून बाद झाले, तरी वाक्प्रचार टिकून राहिला. सर्वांत लहान नाणे व्यवहारातून गेले तरी भाषेत उरते, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते.