मधला चौकोन: मीडिएटर की मॉडरेटर?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की आपण सगळेच कागदावर चौकोन आणि बाण काढतो. डावीकडे एचआर पद्धती, म्हणजे भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन, पगार-बढती. उजवीकडे एम्प्लॉयी एंगेजमेंट, सोप्या भाषेत कामात जीव ओतणं. आखाती देश, पाकिस्तान, इंडोनेशिया इथल्या अभ्यासांत आणखी एक चौकोन दिसतो: इस्लामी कार्यनीती. तो कुठे ठेवायचा, यावर तुमचं अख्खं मॉडेल ठरतं.

आधी संकल्पना बघू. मॅक्स वेबरने 1904-05 मध्ये प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीचा संबंध मांडला. मुस्लिम समाजातली कामाविषयीची मूल्यं मोजण्यासाठी अब्बास अली यांनी 1988 मध्ये 46 विधानांची मोजपट्टी दिली. पुढे तिची 17 विधानांची छोटी आवृत्ती आली. पेपर चाळताना तुम्हाला बहुधा तीच भेटेल. मेहनत, सहकार्य, न्याय, आळसाचा तिटकारा हे सगळं तिच्यात आहेच. हे कुठल्याही धर्माचा माणूस मान्य करील. वेगळेपण आहे ते ‘नीयत’मध्ये: कामाचं मोल निकालापेक्षा त्यामागच्या हेतूवर ठरतं, हा विचार.

आता खरा प्रश्न. कार्यनीतीला मीडिएटर केलंत, तर तुम्ही म्हणताय की एचआर पद्धतींमुळे माणसाची कार्यनीती बदलते आणि त्या बदलामुळे एंगेजमेंट वाढते. जरा थांबून विचार करा. घरातून, मशिदीतून, लहानपणापासून आलेलं मूल्य एका ट्रेनिंग प्रोग्रॅमने बदलेल? बदलतही असेल, पण मग ते कसं, हे सांगायची जबाबदारी तुमची. व्हायव्हात पहिला बाण इथेच येणार.

मॉडरेटर केलंत तर दावा वेगळा: कार्यनीती कर्मचारी सोबत घेऊन येतो आणि तिच्यामुळे एचआर पद्धतींचा परिणाम कमी-जास्त होतो. दार्विश युसुफ यांनी 2001 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या 425 मुस्लिम कर्मचाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात ती मॉडरेटर म्हणूनच तपासली, मात्र संस्थेविषयीची बांधिलकी आणि कामातलं समाधान यांच्यामध्ये. मला हीच जागा जास्त पटते.

पण दिशा कुठली? कार्यनीतीत न्यायाला मोल आहे, म्हणून न्याय्य मूल्यमापनाचा परिणाम अशा माणसावर जास्त होईल, हे एक उत्तर. उलटंही म्हणता येतं: जो काम इबादत म्हणून करतो, तो साहेब चांगला असो की वाईट, मन लावूनच करणार, म्हणजे परिणाम कमी! दोन्ही तर्क धडधाकट आहेत. नुसतं ‘मॉडरेट करेल’ असं गृहीतक लिहून सुटका नाही. चिन्ह अधिक की उणे, ते डेटा गोळा करायच्या आधी लिहा.

आणखी एक सापळा. एंगेजमेंटची उट्रेख्त मोजपट्टी उत्साह, समर्पण आणि तल्लीनता मोजते. अलींच्या पट्टीतही कामाप्रति समर्पण हा सद्गुण मानलाय. एकाच माणसाने, एकाच दिवशी, एकाच गुगल फॉर्मवर दोन्ही भरलं तर सहसंबंध चांगला येणारच की! म्हणून सीएफए करून दोन्ही संकल्पना वेगळ्या निघतात का ते आधी बघा. जमल्यास एंगेजमेंटची प्रश्नावली काही आठवड्यांनी वेगळी द्या. गळती होईल, नमुना त्या हिशेबाने मोठा घ्या.