खाणीतलं पाणी

अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेलो, की आम्ही गटातल्या बाया रंकाळ्याच्या काठावर घटकाभर टेकतोच. हा एवढा मोठा रंकाळा पूर्वी दगडाची खाण होता, असं सांगतात. त्याच्याजवळच इराणी खाण आहे. तीही जुनी दगडखाण, आता पाण्यानं भरलेली. एरवी शांत असते. गणपती विसर्जनाला मात्र तिथं गर्दी लोटते, कारण पंचगंगेत मूर्ती जाऊ नयेत म्हणून शहराचं विसर्जन तिकडे वळवलं आहे.

खाणीचं तळं होतं कसं? आपला काळा दगड घट्ट असतो, त्यातून पाणी सहज मुरत नाही. दगड काढता काढता खड्डा खोल जातो, भेगांतले झरे लागतात. काम चालू असतं तोवर पाणी उपसतात. काम थांबलं, की झरे आणि पाऊस मिळून खड्डा भरून टाकतात.

ओढ्याचं पाणी वाहून जातं. खाणीतल्या पाण्याला सहसा वाटच नसते. त्यात पडेल ते तिथंच राहतं. सांडपाणी, साबण, निर्माल्य यांचं पाण्यात खत होतं, त्यावर शेवाळ आणि केंदाळ माजतं. केंदाळानं पाणी झाकलं, की ऊन-हवा खाली पोचत नाही आणि मासे मरतात. रंकाळ्यात सांडपाणी मिसळलं तेव्हा कोल्हापूरकरांनी हिरवं पाणी आणि केंदाळ दोन्ही पाहिलं.

दुसरा धोका काठाचा. तळ्याला उतार असतो, खाणीला सरळ कडा. पहिल्या पावलाला गुडघाभर, तर दुसऱ्याला पुरुषभर पाणी. वरून ते शांत दिसतं, म्हणून पोरं फसतात. धुणं धुताना आपलाही पाय घसरतो.

आपल्या गावाजवळ अशी खाण असेल तर ग्रामसभेत विषय मांडूया. कुंपण, फलक आणि एका बाजूला पायऱ्या मागूया. धुणं काठापासून लांब, बादलीत पाणी घेऊन धुवूया. तपासल्याशिवाय ते पाणी पिऊ नये. कुणी बुडत असेल तर पोहता येत नसताना उडी घेऊ नका. हाक मारा, आणि दोर, साडी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे फेका.

खाण गावानं जपली तर तळं होते, टाकून दिली तर उकिरडा. ठरवायचं आपणच. भेटूया पुढच्या भागात, नमस्कार.