कंपनीला सायकलने

एकेकाळी पुणे सायकलींचे शहर होते. आज चाकणला मोटारसायकलने जातो. पोटही सोबत आले.

प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खोली ते कंपनी पंधरा मिनिटे सायकल, तेवढीच परत. सहा दिवसांत 180 मिनिटे. जिमची फी वाचली! पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकेल एवढी सीट उंच ठेवा, नाहीतर गुडघे दुखतात.

खरी भीती कंटेनरची. जर्मनीत म्युन्स्टरच्या जुन्या शहराभोवती साडेचार किलोमीटरचा मोटारविरहित सायकलमार्ग आहे; तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरशेजारूनच जावे लागते. म्हणून रात्रपाळीला पुढे दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. वळणाऱ्या कंटेनरच्या डाव्या बाजूला थांबू नका. ड्रायव्हरला तिथले दिसत नाही.