जुन्या गाडीत नवा स्टिरिओ

वडोद्याजवळच्या हालोलच्या कारखान्यात १९९६ पासून ओपेल आणि नंतर शेवरोले गाड्या बनल्या. २०१७ मध्ये त्या बनवणाऱ्या कंपनीने भारतातली विक्री थांबवली, तरी त्यांतल्या काही टवेरा, ऑप्ट्रा अजून धावतात. इंजिन ठणठणीत असते, फक्त टेप मुका झालेला असतो. त्यासाठी गाडी विकू नये.

आधी डॅशबोर्डमधली खाच मोजा. एकेरी डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, दुहेरी म्हणजे १८० बाय १००. एकेरी खाचेतही ब्लूटूथ आणि यूएसबी असलेला चांगला स्टिरिओ बसतो; मोठ्या पडद्यासाठी डॅशबोर्ड कापू देऊ नका. मूळ वायरी तोडण्याऐवजी मॉडेलनुसार मिळणारा जोड-कपलर घ्या. नव्या स्टिरिओत बहुधा पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. पिवळी आणि लाल अदलाबदल झाली, तर बॅटरी उतरू शकते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावीच.

मोबाइलची केबल लोंबकळणे मला धोक्याचे वाटते. ती गिअरमध्ये किंवा पॅडलपाशी अडकते. यूएसबीची वाढीव केबल स्टिरिओच्या मागून ग्लव्ह बॉक्समध्ये काढा, कापडी टेप गुंडाळा, मूळ वायरिंगला बांधा. वडोद्याच्या उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, तेव्हा साधी चिकटपट्टी सुटते. एअरबॅगच्या वायरींना मात्र हात लावू नका. मोबाइलही उन्हात डॅशबोर्डवर नको.