चाकावरचं घर : पाणी शिरतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे

या आठवड्यात रंगाविषयी लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण बिडकीनच्या एका वाचकांचा प्रश्न रंगाच्या आधी सुटायला हवा. त्यांनी जुनी मिनीबस घेऊन तिची राहती गाडी केली आहे. पावसाळ्यात मागच्या खिडकीखालची गादी भिजते. दर वर्षी खिडकीच्या कडेनं सिलिकॉन फिरवून झालं, रबर नवं बसवून झालं, तरी गादी भिजतेच. आता कुठलं सिलिकॉन आणू, असं ते विचारतात.

कुठलंच आणू नका. आधी बागेला पाणी घालायची नळी आणा.

गाडीच्या बॉडीत पाणी जिथून शिरतं तिथंच आत टपकेल, असं क्वचितच होतं. बाहेरचा पत्रा आणि आतलं प्लाय यांच्यामध्ये चौकटीच्या चौकोनी नळ्या असतात. छताच्या पुढच्या सांध्यातून शिरलेलं पाणी त्या नळीतून किंवा तिच्या कडेनं मागे धावतं आणि जिथं अडथळा येईल, वेल्डिंगचा गोळा असेल किंवा वायरीसाठी पाडलेलं भोक असेल, तिथं बाहेर पडतं. खिडकीची चौकट हा असा ठरलेला अडथळा. म्हणून खिडकी बदनाम होते. एक साधी खूण सांगतो. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली की गादी भिजते आणि उताराकडे केली की कोरडी राहते, असं होत असेल तर दोष खिडकीत नाही, तिच्या पुढे कुठंतरी वर आहे.

तपासणी अशी करायची. मागचं प्लाय उतरवा. ते न उतरवता केलेला कुठलाही निष्कर्ष अंदाजच असतो. एकानं बॅटरी घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेर नळी धरायची. धार पावसाइतकीच हवी. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप लावलात तर चांगला सांधाही गळेल आणि वर त्याचं रबर उचकटेल. सुरुवात खालून करायची : आधी चाकाची कमान, मग खिडकीखालची पट्टी, मग खिडकी आणि सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक जागी चांगली दहा मिनिटं थांबायचं, कारण पाण्याला आतून वाट काढायला वेळ लागतो. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

पावसाळा लांब असेल तर धूळ हेच काम करते. डब्यासारख्या आकाराची गाडी धावते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. चितेगावहून ढोरकीनपर्यंत एक फेरी मारा, मग मागचा कप्पा उघडून बघा. सांध्याच्या कडेला धुळीची बारीक रेघ दिसेल. जिथून धूळ आली तिथून पाणी येणार, हे धरून चाला. खडूनं खूण करून ठेवा.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो. बॉडीचे सांधे कसे असावेत हे शिकायचं असेल तर आपल्याकडे त्याचं विद्यापीठ घराजवळच आहे. एस.टी.च्या बॉड्या बांधणाऱ्या मध्यवर्ती कार्यशाळा दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथं आहेत. त्यातली चिकलठाण्याची आपली. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एस.टी. ही लाकडी बॉडीची बेडफोर्ड होती. पुढे ॲल्युमिनियमच्या बॉड्या आल्या, अलीकडे त्यांची जागा पोलादी बॉडीनं घेतली. स्टँडवर गाडीची वाट बघत उभे राहाल तेव्हा एखादी जुनी ॲल्युमिनियमची गाडी दिसली तर तिचा सांधा नीट बघा. दोन पत्रे कडेला कड लावून चिकटवलेले नसतात, एकावर एक चढवलेले असतात. घराच्या छपरावर वरचा पत्रा खालच्यावर येतो, तसंच. वर रिव्हेटची रांग, सांध्यावर पट्टी, खिडक्यांच्या डोक्यावर पन्हळ. एस.टी. गळते असं कुणीही म्हणेल, आणि ते खरंही आहे, पण खडबडीत रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावून खिळखिळ्या झालेल्या काचेचा दोष सांध्याच्या रचनेला लावू नका. त्या रचनेत पाणी अडवण्यापेक्षा त्याला खाली उतरायला वाट दिलेली असते. सीलंटवर सगळा भार टाकलेला नसतो.

आपण घरी काम करताना नेमकं उलटं करतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या खोबणीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती सिलिकॉननं बुजवली की पाणी साचतं आणि आतल्या बाजूनं ओसंडतं. बिडकीनच्या वाचकांनी नळी लावण्याआधी ही भोकं तारेनं मोकळी करून बघावीत. मला दाट शंका आहे की त्यांची निम्मी तक्रार तिथंच मिटेल.

सिलिकॉनवर माझा राग आहे आणि त्याला कारणं आहेत. त्यावर रंग धरत नाही. जुन्या सिलिकॉनवर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. दरवर्षी वरून थर फिरवणं वाया जातं ते म्हणूनच. आणि स्वस्तातल्या ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून सुकताना ॲसेटिक आम्ल सुटतं. ते उघड्या लोखंडाला गंज आणतं. न्हाणीघरातल्या टाइल्सना ते चालेल, गाडीच्या पत्र्याला नको. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडून पूर्ण काढा, पॉलिश पेपर मारा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, आणि प्रत्येक पुसण्याला कापडाची नवी बाजू वापरा.

सांध्याला हवं पॉलियुरेथेन सीलंट, बाजारात ज्याला नुसतं पीयू म्हणतात ते. खिडकी, व्हेंट किंवा दिव्याच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप, कारण ती कधीच कडक होत नाही आणि पुढे चौकट उघडायची वेळ आली तर पत्रा न वाकवता उघडते. पीयू रबरासारखं राहतं हे महत्त्वाचं, कारण पत्रा स्थिर नसतो. सहा मीटर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या छताचं तापमान हिवाळ्याच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत 50 अंशांनी वाढलं, तर छत जवळपास 7 मिलिमीटर लांबतं. खालची लोखंडी चौकट तेवढ्याच उष्णतेनं साधारण साडेतीन मिलिमीटरच वाढते. हा फरक कुणीतरी पोटात घ्यायला हवा. स्क्रू आवळून सीलंट कागदासारखं पातळ केलं तर त्याला ताणायला जागाच उरत नाही आणि ते पहिल्याच उन्हाळ्यात फाटतं. दोन-तीन मिलिमीटरचा थर राहू द्या. त्यासाठी दोन पत्र्यांमध्ये रबराचे छोटे तुकडे ठेवून मग स्क्रू आवळावा.

गेल्या आठवड्यात सांगितल्याप्रमाणे चाकाच्या कमानीचा नवा पत्रा बसवताना ज्यांनी साधे पॉप रिव्हेट वापरले, त्यांच्यासाठी एक गोष्ट राहिली होती. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो. खिळा तुटून आत अडकतो, पण फट राहते आणि त्यातून पाणी जातं. बाहेरच्या बाजूला बंद टोकाचे रिव्हेट मागा. ते नसतील तर प्रत्येक रिव्हेट पीयूत बुडवून बसवा आणि डोक्यावर एक थेंब लावा. लोखंडी पत्र्यात ॲल्युमिनियमचा रिव्हेट असेल तर तिथं ओल आली की आधी रिव्हेटच खाल्ला जातो, कारण दोन धातूंच्या जोडीत झिजायची पाळी ॲल्युमिनियमची येते. डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसली की समजा, सुरुवात झाली. कोकणात समुद्राकाठी मुक्काम करून आलेल्या गाड्यांवर ही भुकटी लवकर दिसते. परतल्यावर गोड्या पाण्यानं, विशेषतः खालच्या बाजूनं, गाडी धुवावी. आणि उघड्या ॲल्युमिनियमवर थेट रेड ऑक्साइड लावू नका, ते धरत नाही. आधी वॉश प्रायमर हवा.

राहिला मुहूर्त. पीयू हवेतल्या ओलाव्यावर सुकतं, त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते रेंगाळतं. शिवाय दुपारी पत्रा हाताला चटका देईल इतका तापलेला असतो, अशा पत्र्यावर सीलंट लावूच नये. पावसाळ्यात ओलावा भरपूर, पण पत्र्यावर दवाचा किंवा पाण्याचा पापुद्रा असला तर पकड येत नाही. आपल्याकडे पाऊस ओसरल्यावरचे, दिवाळीच्या आसपासचे दिवस उत्तम. दव वाळल्यावर सकाळी लावा, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून कड गुळगुळीत करा. दिवसाला साधारण 3 मिलिमीटर खोलीपर्यंत ते सुकतं, म्हणून जाड सांध्याला दोन-तीन दिवस गाडी हलवू नका. त्यानंतर पुन्हा नळी, पुन्हा खालून वर. आत कोरडं राहिलं तरच प्लाय परत बसवायचं, आणि रंगाचं साहित्य आणायचं ते त्याच्याही नंतर.