जुनं घर, थकलेल्या तारा

घराला नवा रंग लागतो, ओटा बदलतो, न्हाणीघरात टाइल्स येतात... पण भिंतीतली वायर? ती आजोबांच्याच काळातली! जुन्या घराचं वायरिंग बदलायचं कधी, आणि करून घ्यायचं कसं?

बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते ऑगस्ट १९०५मध्ये. कावेरीवरच्या शिवनसमुद्र इथं १९०२ साली वीजकेंद्र सुरू झालं. तिथली वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली आणि तीन वर्षांनी शहरात आली. देशातल्या बहुतेक गावांत तेव्हा रॉकेलचे कंदीलच होते. विजेची इतकी जुनी सवय असलेल्या शहरात विजेच्या तारांचं म्हातारपणही लवकर आलं, तर त्यात नवल काय?

बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहती १८९८च्या प्लेगनंतर वाढल्या. मंकी-टॉप खिडक्या, मद्रास टेरेसचं छत, पुढे बाग... अशी घरं आता मोजकी उरलीत. त्यातल्या अनेकांत वयस्क आई-वडील दोघंच राहतात. मुलगा व्हाइटफील्डला, मुलगी अमेरिकेत. सुट्टीत आलेली मुलं प्रेमानं आईला गिझर, मायक्रोवेव्ह, एसी घेऊन देतात. सगळं कौतुकानं जोडलं जातं. कशाला? तर एक पंखा, चार दिवे आणि एक रेडिओ एवढ्याच हिशेबानं घातलेल्या वायरला! पुण्यातला वाडा, गिरगावातली चाळ किंवा बेळगावातलं कौलारू घर, कुठेही गेलात तरी कहाणी हीच.

तार म्हातारी होते म्हणजे काय?

तांब्याला वय नसतं. वय असतं ते त्याच्यावरच्या वेष्टनाला. जुन्या काळी लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी ठोकलेल्या वायरींवर रबराचं वेष्टन असे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं हे रबर कडक होतं, तडकतं आणि वायर हलवली की भुगा होऊन गळतं. पुढे पीव्हीसीच्या वायरी आल्या, पण मधल्या काळात अनेक घरांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं, त्यावर गंज धरतो आणि जोड सैल होतो. सैल जोड तापतो. बटणाची पाटी पिवळी किंवा काळी पडते, ती यामुळेच.

या घरांत आणखी एक उणीव असते. अनेक ठिकाणी अर्थिंगची तिसरी तार नसतेच. तीन पिनांचा सॉकेट बसवलेला दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागे काहीच जोडलेलं नसतं. इस्त्री किंवा फ्रिजला ‘हलका करंट’ येतो म्हणून घरातली बाई लाकडी पाटावर उभी राहून काम करते. हा हलका करंट म्हणजे घरानं दिलेला इशारा असतो!

फ्यूज घर वाचवतो, माणूस नाही

‘आमच्याकडे फ्यूज आहे ना!’ असं अनेकजण निर्धास्तपणे सांगतात. जरा हिशेब करून पाहा. शंभर वॉटच्या साध्या बल्बमधून जवळजवळ ४३० मिलिअँपिअर वीज वाहते. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह थोडा वेळ जरी गेला, तरी जिवावर बेतू शकतं. आणि फ्यूज असतो ५ अँपिअरचा, म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा. माणसाला शॉक बसतो तेव्हा फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याचं काम वायर जळू न देणं, एवढंच. त्यातही किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळली असेल, तर तेही काम तो करत नाही.

माणूस वाचवतं ते आरसीसीबी नावाचं उपकरण. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांची ते सतत तुलना करतं. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जात असली, की क्षणार्धात पुरवठा तोडतं. मात्र जादा भार आणि शॉर्टसर्किट याकडे ते पाहत नाही. त्यासाठी एमसीबी वेगळे हवेत. एकाचं काम दुसरा करत नाही, म्हणून दोन्ही हवेत.

देशात दरवर्षी १० हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्यानं मरतात. आगीची गोष्ट आणखी वेगळी. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या कार्ल्टन टॉवर्समध्ये वीजतारांच्या डक्टमध्ये आग लागली. धुरानं जिने भरले, काहींनी खिडक्यांतून उड्या मारल्या. ९ जणांचा जीव गेला. ती मोठी व्यापारी इमारत होती. लाकडी तुळयांच्या घरात तर ठिणगीला सरपण आयतंच मिळतं.

आधी तपासणी, मग हातोडी

बोर्डावर नुसता आरसीसीबी बसवून भागत नाही. जुन्या वायरींतून वीज झिरपत असते, त्यामुळे तो वारंवार पडतो. मग कंटाळून कुणीतरी त्याला वगळून थेट जोडणी करून टाकतो आणि झालं, पैसेही गेले, सुरक्षाही गेली. तो पडतो, म्हणजे दोष वायरिंगमध्ये आहे.

म्हणून आधी मेगर नावाच्या यंत्रानं प्रत्येक सर्किट तपासून घ्या. वेष्टनाचा रोध एक मेगओमपेक्षा कमी भरला, तर ते सर्किट बदलायच्या यादीत घाला. शिवाय घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॉट लिहून काढा. वॉटला २३० नं भागलं की अँपिअर मिळतात. २००० वॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो. गिझर, एसी आणि स्वयंपाकघर यांना प्रत्येकी स्वतंत्र सर्किट हवं, हे या यादीवरूनच कळतं.

काम परवानाधारक कंत्राटदारालाच द्या. कर्नाटकात हे परवाने राज्य सरकारचं विद्युत निरीक्षणालय देतं. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात पुढच्या गोष्टी आहेत का ते पाहा:

● दिव्या-पंख्यांना १.५, साध्या सॉकेटना २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. वायरवर आयएसआयची खूण हवीच.

● लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत पोचली पाहिजे.

● नवा अर्थिंगचा खड्डा. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायची आठवण घरातल्या कुणाला तरी द्या.

● न्यूट्रलवरचा जुना फ्यूज काढणं. तो उडाला, की दिवा बंद दिसतो, पण तारेत वीज जिवंतच असते.

चुन्याच्या भिंतींना सपासप झिऱ्या मारू देऊ नका. जुना चुना ढासळतो आणि मद्रास टेरेसच्या तुळयांना भोकं पडतात. अशा घरात भिंतीवरून पीव्हीसीच्या पट्टीतून वायर नेणं शहाणपणाचं. दिसायला थोडं कमी, पण पुढे दुरुस्ती सोपी. आणि एकेक खोली करत गेलं, तर म्हाताऱ्या माणसांना अंधारात राहावं लागत नाही.

इन्व्हर्टर आणि गाडी

बेंगळुरूत घरोघरी इन्व्हर्टर आहे. मेन स्विच बंद केला, तरी इन्व्हर्टरवरच्या पॉइंटमध्ये वीज असते. काम सुरू करण्याआधी तोही बंद करा आणि त्याची न्यूट्रल वेगळी ठेवायला सांगा. दोन्ही न्यूट्रल एकत्र आल्या, तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. विजेवरची गाडी घेतली असेल किंवा घ्यायची असेल, तर तिला मीटरजवळून स्वतंत्र वायर हवी. गाडीचा साधा चार्जरही तासन् तास १४-१५ अँपिअर खेचतो. पोर्चमधल्या जुन्या प्लगला तो जोडणं म्हणजे आगीला आमंत्रण!

काम संपल्यावर कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, हे बोर्डावर मराठीत किंवा कन्नडात, घरातल्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहून घ्या. पुन्हा मेगर लावून आकडे कागदावर घ्या. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला, तर उपकरण शाबूत आहे. नाही पडला, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पुढच्या सुट्टीत आई-वडिलांकडे जाल, तेव्हा नवं यंत्र नेण्याआधी मीटरखालची लाकडी पाटी उघडून घ्या. आत रबराचा भुगा दिसला, तर त्या वर्षीची भेटवस्तू ठरली असं समजा. ती भिंतीत झाकली जाईल, पाहुण्यांना दाखवता येणार नाही. पण ओल्या हातानं फ्रिज उघडणाऱ्या आईला ती रोज सांभाळेल.