सर्कशीला जाताना आजोबांचेही तिकीट काढा

हिवाळा सुरू झाला की मैदानांवर तंबू उभे राहतात, नाट्यगृहांत महोत्सव भरतात आणि घरोघरी तिकिटांचा हिशेब सुरू होतो. या हिशेबातून घरातील सर्वांत वयस्क व्यक्ती बहुधा न विचारताच वगळली जाते. ‘त्यांना झेपायचे नाही’, ‘रात्री उशीर होईल’, ‘गर्दीत पडले तर काय करायचे?’ ही कारणे मायेपोटीच दिली जातात. मात्र त्या मायेचा दुसरा परिणाम मी दवाखान्यात रोज पाहतो. रक्तदाब ताब्यात असतो, साखर ताब्यात असते, तरीही समोरचा माणूस कोमेजलेला दिसतो. ‘यापूर्वी घराबाहेर कधी पडला होतात?’ असे विचारले की उत्तर येते, ‘मागच्या तपासणीला.’

ज्येष्ठांना करमणुकीसाठी घराबाहेर नेणे ही चैन नाही. त्यांच्या प्रकृतीची काळजी घेण्याचाच तो एक भाग आहे आणि नीट तयारी केली तर तो बहुतेकांना जमण्याजोगा आहे. त्यासाठी मी मुद्दाम सर्कशीचे उदाहरण घेतो आहे. अंधार, पायऱ्या, मोठा आवाज, गर्दी, लांबलेले जेवण अशा सगळ्या अडचणी तेथे एकत्र भेटतात. सर्कस जमली, तर नाटक आणि गाण्याची मैफल सहज जमते.

सर्कस : ओळखीची आणि नवी

सर्कशीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली आणि तेथूनच भारतीय सर्कशीचा इतिहास सुरू झाला, असे मानले जाते. पुढे देवल, कार्लेकर यांच्या सर्कशी गाजल्या. पुण्याचे दामू धोत्रे वाघसिंहांना शिकवणारे म्हणून अमेरिकेपर्यंत पोहोचले. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पुष्कळांच्या बालपणात असा एखादा तंबू आहेच.

तो तंबू आता बदलला आहे. वाघ, सिंह, अस्वले, माकडे यांच्या खेळांवर केंद्र सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम केली. तिकडे कॅनडातील क्वेबेक प्रांतात रस्त्यावर खेळ करणाऱ्या कलावंतांनी १९८४ मध्ये ‘सर्क द्यु सोलेय’ स्थापन केली. प्राण्यांशिवाय, केवळ मानवी शरीराचे कौशल्य, संगीत, वेशभूषा आणि प्रकाश यांतून नाटकासारखा उलगडणारा खेळ तिने जगभर नेला. याच संस्थेच्या ‘बझार’ या खेळाचा पहिला प्रयोग नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर झाला.

अप्पांची संध्याकाळ

तो खेळ पाहण्यास आमचे थोरले काका, म्हणजे घरातील सर्वांचे अप्पा, आमच्याबरोबर आले होते. त्या वेळी ते एकोणऐंशी वर्षांचे होते. मधुमेह, रक्तदाब, दुखरा गुडघा आणि दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. काकू गेल्यापासून दीड वर्ष त्यांनी बाहेर जाणे जवळजवळ सोडले होते. मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरल्यावर तर त्यांचा मुलगा त्यांना एकट्याने जिनाही उतरू देत नसे. नातीने तिकिटांचा विषय काढला तेव्हा मुलगा म्हणाला, “अप्पा, हे सगळं टीव्हीवर दाखवतात. घरीच निवांत बघा.”

अप्पा म्हणाले, “टीव्ही मी रोजच बघतो रे. कुठे जायचं म्हणून धुतलेला सदरा काढून किती दिवस झाले, ते सांग.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू डॉक्टर आहेस ना? तूच सांग याला.”

मी त्यांचा रक्तदाब बसून आणि मग उभे राहिल्यावर मोजला. घरातील जिना त्यांच्याबरोबर चढून-उतरून पाहिला. गोळ्यांच्या वेळा तपासल्या आणि काही अटी घालून होकार दिला. आम्ही ठाण्याहून तासभर लवकर निघालो. पोहोचताच आधी स्वच्छतागृह गाठले आणि तंबूत दिवे असतानाच, मार्गिकेलगतच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो.

झोके, कसरती, चाकांच्या बुटांवरील गिरक्या हे सारे अप्पा कौतुकाने, पण शांतपणे पाहत होते. मग मल्लखांबाचा खेळ सुरू झाला. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभट दादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेली ही आपली व्यायामविद्या विदेशी सर्कशीच्या रिंगणात उभी होती. अप्पा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या बुटांतील बोटे हलताना मला दिसत होती. “मांडीची पकड बघ. हाताला काही काम नाही, सगळं मांडीत आहे,” ते नातीला सांगू लागले. मिरजेच्या तालमीत वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत ते मल्लखांब करीत असत, हे त्या मुलीला त्या रात्री प्रथमच कळले. खरे तर आम्हांलाही ते फारसे ठाऊक नव्हते.

सर्कशीने अप्पांची साखर उतरली नाही आणि गुडघाही बरा झाला नाही. मात्र पुढच्या आठवड्यात त्यांनी गुडघ्याचे व्यायाम शिकवणाऱ्यांना पुन्हा बोलवा, असे आपणहून सांगितले. वर्षभर आम्ही तेच सांगत होतो आणि ते टाळत होते.

वैद्यकीय दृष्टीने काय घडते?

साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयात अधिक संख्येने आणि अधिक ठळकपणे वर येतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. एखादे दृश्य, वास वा सूर त्या आठवणींना वाट करून देतो आणि एरवी ‘हो’, ‘नाही’ इतकेच बोलणारा माणूस सांगू लागतो.

इंग्लंडमधील पन्नाशीपुढील ६,७१० व्यक्तींची १४ वर्षे नोंद ठेवणारा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. नाटक, संगीताचे कार्यक्रम, संग्रहालये, प्रदर्शने यांना दर काही महिन्यांनी तरी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत ३१ टक्के कमी आढळला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मुळात धडधाकट माणसेच अधिक बाहेर पडतात, हेही खरे. पैसा, शिक्षण, आजारपण यांचा हिशेब धरल्यावरही फरक उरला, म्हणून त्याची दखल घ्यावीशी वाटते.

तयारी कशी करावी?

*अंधार आणि पायऱ्या.* साठीच्या डोळ्यातील पडद्यावर विशीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो आणि अंधाराला सरावण्यासही वेळ लागतो. म्हणून दिवे असतानाच आसनस्थ व्हावे. खेळ संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत थांबावे. लहान विजेरी जवळ ठेवावी. सपाट, मागून बंद पादत्राणे घालावीत. आसन मार्गिकेलगत आणि पाठ टेकता येईल असे असावे. पाठ नसलेल्या बाकांची गॅलरी टाळावी.

*उठताना चक्कर.* दोन तास बसून एकदम उठल्यास काहींचा वरचा रक्तदाब २० अंकांनी वा त्याहून अधिक घसरतो आणि तोल जातो. बसल्या बसल्या दर अर्ध्या तासाने पावले वर-खाली हलवावीत. उठल्यावर खुर्चीचा आधार घेऊन मिनिटभर उभे राहावे आणि मगच पाऊल टाकावे.

*लघवीची चिंता.* पुष्कळ ज्येष्ठ याच भीतीने बाहेर जात नाहीत किंवा दिवसभर पाणी पीत नाहीत. पाणी तोडू नये. लघवी अधिक होण्याची गोळी स्वतःहून चुकवू नये. त्या दिवसापुरती तिची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. गरज असल्यास डायपर वापरण्यात कमीपणा मानू नये.

*मधुमेह.* इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेतली आणि जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे होत. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या व्यक्तीस तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पाठोपाठ काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.

*आवाज, झगमगाट, धूर.* श्रवणयंत्राचा आवाज कमी करून ठेवावा. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, कानात घालायचे फोमचे बोळे न्यावेत. दम्याच्या रुग्णांनी पंप हाताशी ठेवावा, कारण रंगमंचावरील कृत्रिम धुक्याने खोकला उसळू शकतो. फिट येण्याचा आजार असल्यास लखलखणाऱ्या दिव्यांविषयी आयोजकांकडे आधी चौकशी करावी.

*स्मृतिभ्रंश.* संध्याकाळनंतर अशा रुग्णांचा गोंधळ वाढू शकतो. त्यांच्यासाठी दुपारचा खेळ निवडावा आणि दाराजवळचे आसन घ्यावे. मध्येच उठून जाण्याची तयारी ठेवावी. अर्धाच खेळ पाहिला, तरी ती संध्याकाळ वाया गेली असे नाही. नाव आणि घरच्यांचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात असावी.

केव्हा जाऊ नये?

नुकताच हृदयविकाराचा झटका वा शस्त्रक्रिया झाली असेल, पडून राहिल्यावर धाप लागत असेल, ताप असेल, नुकतीच औषधे बदलल्याने चक्कर येत असेल, तर बेत पुढे ढकलावा. शंका असल्यास आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

सोबत करणाऱ्यांसाठी

रुग्णाची सेवा करणारी सून, मुलगी वा पत्नी अनेकदा रुग्णाइतकीच घरात अडकलेली असते. शक्य असेल तर ज्येष्ठांबरोबर दोघांनी जावे. एकाने त्यांच्याकडे लक्ष द्यावे आणि मध्यंतरानंतर पाळी बदलावी, म्हणजे दोघांनाही खेळ पाहता येतो. रुग्णाला नेणे खरोखरच अशक्य असेल, तर त्या संध्याकाळी दुसऱ्या कोणी घरी थांबावे आणि सेवा करणाऱ्या व्यक्तीने निःसंकोच जाऊन यावे. दुसऱ्या दिवशी मात्र दोघांनाही सकाळी उशिरापर्यंत झोपू द्यावे आणि त्या दिवशी पाहुण्यांना बोलावू नये.

पुढच्या तपासणीस जाल, तेव्हा गोळ्यांच्या यादीबरोबर हाही प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवा : ‘यांना कार्यक्रमाला न्यायचे आहे, काय काळजी घेऊ?’ आणि तिकिटे काढण्यापूर्वी ज्यांना न्यायचे आहे, त्यांना एकदा विचारा. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार त्यांचाच आहे. तो त्यांच्या वतीने आपण वापरू नये.